दुसऱ्यांदा खरवडणं

बाबा, तुमच्या लघवीच्या पिशवीच्या भिंतीला थर होते, हे मला परवा कळलं. फुलचूरच्या आपल्या शेजारच्या काकूंना घेऊन दवाखान्यात गेले होते. त्यांचंही तुमच्यासारखंच, लघवीतून रक्त. डॉक्टरीणबाईंनी त्यांना समजावायला कागदावर ती भिंत काढली. सगळ्यात आत अस्तर, त्याखाली एक पातळ थर, मग स्नायू, बाहेर चरबी. गाठ कुठल्या थरापर्यंत उतरली, ती स्टेज. तिच्या पेशी किती आडदांड दिसतात, ती ग्रेड. इतकी वर्षं मी दोन्ही एकच समजत होते.

तुमचं रक्त पहिल्यांदा दिसलं तेव्हा आपण सगळ्यांनी उन्हाळी लागली असंच धरलं. राईस मिलमध्ये धान उकडायच्या हौदांजवळ दिवसभर उभा राहणारा माणूस, उष्णता होणारच. आईनं धन्याचं पाणी दिलं आणि रक्त थांबलं. आग होत नव्हती, दुखत नव्हतं, तरी कुणाला शंका आली नाही. हे रक्त न दुखता येतं आणि आपोआप थांबतंही, हे मला आता कळतंय. तेव्हा श्रेय धन्याला गेलं. आई कितीतरी दिवस शेजारणींना तोच उपाय सांगत होती.

मग रक्त परत आलं, आणि नागपूर. दुर्बीण घालून गाठ खरवडली, आणि पुढच्या खेपेला तिथले डॉक्टर म्हणाले, "दुबारा करना पड़ेगा." बसस्टँडवर तुम्ही माझ्यावरच उखडलात. "काऊन वं? एकदा खरवडलं ना? मी का भात करपलेला गंज आहो?" आई म्हणाली, "गंज बरा, घासला तं चूप राहते." तुम्ही हसलात, पण गेला नाहीत. "धान येऊन राहिला, मंग पाहू." तुमचं ते 'काऊन', ते 'का', मी डॉक्टरांपर्यंत नेलंच नाही. मलाही वाटत होतं, पहिल्यांदा काम नीट झालं नसेल.

परवा तोच प्रश्न मी डॉक्टरीणबाईंना विचारला. त्या म्हणाल्या, "पहिल्या तुकड्यात स्नायू आलाच नसेल. मग खोली कशी सांगायची?" आणि मला तुम्ही हौद सोडून मिलच्या फाटकाशी माल पारखायला आलेले दिसता. धानाची गाडी आली आहे, शेतकरी पोत्याचं तोंड सोडून वरची मूठ दाखवतो आहे. तुम्ही तिकडे बघतही नाही. नमुना काढायची लोखंडी परखी थेट पोत्याच्या पोटात खुपसता. "वरचा धान सगळ्याइचाच चांगला राहते, भाऊ." असं म्हणणाऱ्या माणसाला एवढंच सांगायचं होतं, की डॉक्टरांच्या हाती वरची मूठच लागली आहे. सांगितलं असतं तर लगेच गेला असता? की नेमकं समजलं असतं म्हणूनच टाळलं असतं?

दिवाळीनंतर गेलात तेव्हा गाठ स्नायूत होती. आधीपासून तिथे होती, की मधल्या दिवसांत उतरली? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ते आता कुणालाच सांगता येणार नाही. पिशवी काढू म्हणाले, तुम्ही नको म्हणालात, आणि पुढचा हंगाम तुमच्याविना आला.

हे वहीतच राहील, म्हणून सांगते. ते चित्र उलगडलं तेव्हा मला दुःख झालं नाही. अडलेलं गणित सुटावं तसा आनंद झाला. बाजूला काकू भेदरून माझ्याकडे बघत होत्या; बहुधा मी हसत होते.