निकालाच्या दिवशीचा केक

मंगळवार, ४ मार्च
करणार. केक करणार म्हणजे करणार! शुक्रवारी घटस्फोटाचा कागद हातात पडेल आणि संध्याकाळी माझ्या या भाड्याच्या घरात चॉकलेटचा केक असेल. ताईला फोनवर सांगितलं, तर किंचाळलीच — "अगं, काडीमोडाचा कुणी केक करतं का? लोक तोंडात शेण घालतील!"
घालू देत. माझ्या तोंडात केक असेल.

बुधवार, ५
रंगीत तालीम फसली. घाईनं ओव्हनचं दार उघडलं आणि केक मधोमध बसला — खड्डाच! "हिचा केक म्हणजे वीट," असं तो चारचौघांत म्हणायचा. त्याला दुकानातला क्रीमचा हवा. तोंडात घातला की गायब. त्याच्यासारखाच!
खड्डा चमच्यानं खाऊन टाकला. झकास होता.

गुरुवार, ६
ताईनं चुगली केलीच. सासूबाईंचा फोन — "केक करतेयस म्हणे?"
"हो. करतेय." म्हटलं, आता होऊ दे तोफखाना सुरू.
तर म्हणाल्या — "कोको दुधात नको कालवूस. गरम कडक कॉफीत कालव." आणि फोन ठेवला!

शुक्रवार, ७
झालं. सह्या झाल्या. कोर्टाबाहेर तो म्हणाला, "जपून राहा." म्हटलं, "घाईत आहे. लोणी बाहेर काढून ठेवलंय." खरंच ठेवलं होतं!
लोणी-साखर हातानंच फेटली, खांदा भरून आला. अंडी एकेक करून. मग मैदा, मग कॉफीतला कोको. मिश्रण काळंभोर, जड, चमच्यावरून सावकाश ओघळणारं. ओव्हनसमोर खुर्ची टाकून बसले, दाराला हात लावला नाही. बसल्या बसल्या रडले. रडले तर रडले — केक फुगत होता! सुरी टोचली, कोरडी निघाली. वरून वितळलेलं चॉकलेट, हात आखडता न घेता.
पहिला तुकडा कापते तोच बेल. दारात सासूबाई! खुर्चीत बसल्या, खाल्ला. म्हणाल्या, "जड आहे गं."
"असाच असतो."
"असाच हवा," म्हणाल्या आणि ताटली पुन्हा पुढे केली. बोलता बोलता उशीर झाला, तर इथेच झोपल्या.

शनिवार, ८
सकाळी दार उघडलं, तर जिन्यात सासूबाईंची भलीमोठी बॅग. मागून त्यांचा आवाज — "काल आत आणायचा धीर झाला नाही. मागची खोली रिकामीच आहे ना?"
बॅग मी आत घेतली.