पाच दमांचा कल्हईवाला

अब्बा, तुम्हाला जाऊन पन्नास वर्षं होत आली आणि आता तुम्ही एका खेळातला पत्ता झाला आहात. हे तुम्हाला कसं समजावू, मला कळत नाही. तुम्हाला पत्ते आवडत नव्हते. सावली गावच्या बाजारात मी मेंढीकोट खेळताना सापडलो, तेव्हा तुम्ही हातातला चिमटा घेऊन माझ्यामागे धावला होता. घरात आपण हिंदी बोलायचो, पण मला लिहिता येतं ते चौथीपर्यंतच्या मराठी शाळेतलं, म्हणून मराठीतच लिहितो. चुका होतील.

माझी नात, म्हणजे मुलीची मुलगी, पोंभुर्ण्याला माझ्याजवळ राहते. ती आणि तिच्या कॉलेजातले दोघे मिळून पत्त्यांचा खेळ बनवत आहेत. राजा-राणीचा नाही. त्यात उडणारं रानडुक्कर आहे, बोलणारं मोहाचं झाड आहे आणि जादूची भांडी आहेत. भांडं वापरलं की त्यातून सैन्य निघतं आणि भांडं काळं पडतं. मग तो पत्ता उपडा ठेवायचा, त्याचा पुन्हा उपयोग नाही. खेळून पाहायला चौथा गडी म्हणून मला बसवतात. मागच्या आठवड्यात नातीने एक नवा पत्ता आणला, कल्हईवाला. चित्रात तुम्ही भात्यापाशी बसला आहात. तुमचा फोटो नाही, म्हणून तिने माझंच तोंड काढलं आणि त्याला दाढी लावली. हा कल्हईवाला दर खेपेला एक काळं भांडं उजळून देणार होता, कितीही वेळा.

दोन डावांतच भांडण लागलं. "ज्याच्या हाती हा पत्ता, तोच जिंकून राह्यला," तिचा मित्र म्हणाला. "हा तुहा पणजोबा आहे का मशीन?"

"काऊन, जळून राह्यला का तू?"

"एकच भांडं करू दे त्याले. मंग बाहेर."

"एकच? माह्या पणजोबानं अर्ध्या तालुक्याची भांडी चमकवली!" मग ती माझ्याकडे वळली. "नाना, तुमीच सांगा. किती जमे त्याईले?"

मी बोलून बसलो, "जमे बापा पुष्कळ. पण भांड्यागणिक त्याईचा दम जाये. नवसागराचा धूर छातीत जाये ना."

मी आठवण सांगत होतो, अब्बा, दुसरं काही नाही. पण त्या पोराने मांडीवर थाप मारली. "बस! हेच पाह्यजे होतं. पाच दम. एक भांडं, एक दम. दम सरला का म्हातारा बाहेर." नातीने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, एक खेप त्यांना नुसतं बसू दिलं तर एक दम परत मिळेल. तेही लिहून घेतलं.

त्या दिवसापासून मला सावलीचा बाजारच दिसतो आहे. जमिनीत खड्डा, त्यात कोळसे. मी दहा वर्षांचा, भाता मारतो आहे आणि पोरं तिकडे खेळत आहेत म्हणून घाई करतो आहे. पातेलं जास्त तापतं, कथील जळून पिवळं होतं. तुम्ही माझ्या पाठीत एक धपाटा घालता. "आग कम पडी तो कथील पकड़ता नहीं, ज्यादा हुई तो जल जाता है. देख के मार." मग तोंड फिरवून पुष्कळ वेळ खोकता, आणि तेच पातेलं पुन्हा घासून, पुन्हा तापवून, कापसाच्या बोळ्याने असं फिरवता की आत माझं तोंड दिसायला लागतं. पातेलं आणलेल्या बाईला तुम्ही सांगितलंही नाही की पहिल्या वेळी बिघडलं होतं.

पाच दमांच्या नियमाने खेळ बरोबर जमला. कधी हा जिंकतो, कधी ती. सगळे खूश आहेत. पण तुम्हाला बसू कोणीच देत नाही. बसवलं की एक खेप वाया जाते. तुम्ही हाती आलात की पाच भांडी उजळून घेतात आणि तुम्हाला खोक्यात टाकतात. "म्हातारा गेला, चला पुढं."

"एखाद्या खेपेला बसू द्या ना रे त्याईले," मी म्हणालो.

"नाना, बसवलं का हारलोच समजा. खेळच तसा आहे."

तुमच्या शेवटच्या हिवाळ्यात डॉक्टरने तुम्हाला सांगितलं होतं, एवढा एक हिवाळा भट्टी लावू नका. तुम्ही माझ्याकडे पाहिलं होतं. मी सोळा वर्षांचा होतो, मला भट्टी येत होती. पण हात काळे होतात म्हणून मी लाकडाच्या डेपोत लागलो होतो आणि तिथे जायला मला सायकल हवी होती. मी खाली पाहत बसलो. तुम्ही भाता उचलला. त्या कमाईतून सायकल आली, आणि पावसाळ्याच्या आधी तुम्ही गेलात. पुढे घरोघरी स्टील आलं. तुम्ही उजळलेलं एकही भांडं आता कोणाच्या चुलीवर नाही.

उद्या पत्ते छापायला चंद्रपूरला जातील. तुमचा पत्ता काढून टाक, असं मी नातीला सांगणार होतो. सकाळपासून तीनदा तोंड उघडलं. "काय म्हणता नाना?" "काई नाई. चहा ठेव." दुपारी तिने शेवटचा डाव मांडला आणि पहिल्याच वाटपात तुम्ही माझ्या हाती आलात. मी मनाशी ठरवलं, हरलो तरी चालेल, आज यांना बसवायचं.

ही चिठ्ठी टाकायला जागा नाही. घडी घालून बंडीच्या खिशात ठेवतो. तो डाव मी जिंकलो, अब्बा. पाचही भांडी उजळून घेतली. एकदाही बसू दिलं नाही.