सिन्योरा ब्रूनाचं पुण्यानुमोदन

मॉसन लेक्स, अ‍ॅडलेड
३ मे

नाही म्हणजे नाही, मावशी! मला न विचारता तिकीट काढलंसच कशाला? आणि तेही त्रिएस्तेचं! इटलीत रोम आहे, व्हेनिस आहे, अख्खं जग तिकडे जातं. तू मात्र माझी सहा पत्रं फाइलला लावून, पेन्सिलने खुणा करून त्यांच्यावरून फिरणार. पत्रं आहेत गं ती, गाइडबुक नाही!

बघ, रागात जय भीम राहिलाच. ती. नलिनीमावशीस वैष्णवीचा स. जय भीम, वि. वि.

सगळा दोष आबांच्या नियमाचा. घरातल्या माणसाने घरातल्या माणसाला हाताने पत्र लिहायचं, महिन्याला एक तरी. आपली प्रगती एवढीच, की पोस्टाऐवजी व्हॉट्सॲपवर त्याचा फोटो पाठवतो. नियम नसता तर लेखकांच्या त्या रेसिडेन्सीच्या सहा आठवड्यांत मी तिथून इतकं लिहिलंच नसतं, आणि तुला हे खूळही लागलं नसतं.

तुला तिथे एकटीने जमणार नाही. बोरा वारा सुटला की माणूस उभा राहत नाही, पूर्वी रस्त्याला दोर बांधायचे धरून चालायला. मी लिहिलेल्या त्या ओस्मित्सा, म्हणजे शेतकऱ्याच्या घरात उघडलेली खानावळ, डोंगरात आहेत. बोर्ड नसतो, वाटेवर पानांची फांदी टांगलेली असते, ती शोधत जायचं. तू टूवूंबाच्या मॉलमध्ये पार्किंग विसरतेस.

आणि सिन्योरा ब्रूनाला भेटायचं म्हणतेस ना, तर ऐक. मला कालच कळलं. ती गेली. एप्रिलमध्ये, झोपेत. म्हणून म्हणते, आता जाऊन काय करणार?

रागावू नकोस. लोभ आहे तेवढा राहू दे.

तुझी,
वैष्णवी

---

टूवूंबा
१९ मे

चि. वैष्णवीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र लंच ब्रेकमध्ये वाचलं आणि हॉस्पिटलच्या टी-रूममध्येच रडू आलं. केरीला वाटलं पेशंट गेला. तिला सांगितलं, की परक्या गावात माझी भाची तापाने फणफणली होती तेव्हा जिने तीन दिवस उशाशी बसून तिला चमच्याने सूप भरवलं, ती घरमालकीण गेली. केरीही रडली. मार्चपासून सगळ्या वॉर्डला ब्रूना माहीत आहे.

काल रविवारी तुझ्या आईचा पाचवा स्मृतिदिन होता. तुझी असाइनमेंट होती म्हणून आली नाहीस, ठीक आहे. मी सुखदेवभाऊंना म्हटलं, शोभाबरोबर ब्रूनाचंही पुण्यानुमोदन करूया. त्यांनी लगेच हो म्हटलं. ब्रिस्बेनच्या हॉलमध्ये चाळीस माणसं होती, आम्ही टूवूंबाची चौघं शिरीषच्या गाडीतून गेलो. ब्रूनाचा फोटो नाही, म्हणून कार्डावर नाव लिहून फ्रेम केलं आणि शोभाच्या फोटोशेजारी ठेवलं. दोघींपुढे मेणबत्त्या लावल्या. सुखदेवभाऊ बोलले, की जात, धर्म, देश न विचारता जी परक्या पोरीला पाणी देते, तिला धम्म वेगळा शिकवावा लागत नाही. शिरीषच्या शिवांगीने चित्र काढलंय, ब्रूना आणि सूपचं भलंमोठं पातेलं. सुपात गाजरं का तरंगतायत म्हणून विचारलं, तर मलाच म्हणाली, की व्हेजिटेबल्स आर हेल्दी. मग खीर वाटली.

तिकीट कॅन्सल होणार नाही. सहा वर्षांची लीव्ह साठली आहे. बोरा हिवाळ्यात वाहतो, मी जूनमध्ये जातेय. गुगल मलाही येतं, मॅडम!

गोधडी पूर्ण झाली. शोभाच्या चार साड्या लागल्या, तिची ती मोरपंखीसुद्धा, पदवीदानाला नेसली होती ती. ब्रूनाला द्यायची होती, आता तिच्या मुलीला देईन. पत्ता पाठव. दोनदा मागितलाय.

आणि तो बीच, जिथे बायका आणि पुरुषांच्या मधे भिंत आहे, ज्याला तू ‘सो क्यूट’ लिहिलंयस, तिथे पहिल्यांदा जाणार. आयुष्यातला पहिला स्विमसूट घेतलाय. हसलीस तर बघ.

जेवत जा. माझा जीव तुझ्यात आहे, हे वेगळं लिहायला नको.

नलिनीमावशी

---

मॉसन लेक्स
१२ जून

ती. मावशीस,

जय भीम लिहायची लाज वाटतेय, म्हणून नुसतंच ‘मावशीस’.

पत्ता नाही. तू आता तिथे पोचून तीन दिवस झाले, चारदा विचारलंस. पत्ता नाही कारण घर नाही. घर नाही कारण ब्रूना नाही. ती मेली नाही, ती कधी नव्हतीच. मी त्रिएस्तेला गेलेच नाही.

रेसिडेन्सी मिळाली नव्हती. माझी निवड झाली असं मी तुला शॉर्टलिस्टच्या ईमेलवरूनच सांगून टाकलं होतं. मग नकार आला. तोपर्यंत तू वॉर्डमध्ये केक कापला होतास. मला वाटलं, एक आठवड्याने सांगू. मग तू विचारलंस, की पोचलीस का. मी हो म्हटलं.

ते सहा आठवडे मी इथेच होते, माझ्या खोलीत, पडदा लावून. हाउसमेट निहारिका आणि केतनला सांगितलं, की थिसिस लिहितेय. लोकांचे व्हिडिओ बघायचे, मॅपवर गल्लीगल्ली फिरायचं आणि तुला लिहायचं. बाहेर एक्केचाळीस डिग्री, एसी बंद पडलेला, आणि मी बोराच्या थंडीने बोटं कशी वाकत नाहीत ते लिहीत होते. खरं सांगू? छान लिहिलं जात होतं. त्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते.

ताप मात्र खरा होता. तीन दिवस. कुणी नव्हतं. केतनने दाराबाहेर मॅगी ठेवली होती, ती मी दुसऱ्या दिवशी उघडली. तेव्हा लिहिता लिहिता ब्रूना आली. मी तिला थांबवलं नाही.

मग तू निघालीस, म्हणून मी तिला मारलं. आणि तू तिला आईशेजारी बसवलंस. तुझं ते पत्र आल्यापासून मी आईच्या फोटोकडे बघितलेलं नाही.

सही करायचीही हिंमत नाही.

---

त्रिएस्ते
१३ जून

वैष्णवी,

तुझं पत्र यायच्या आदल्या दिवशीच मला कळलं होतं.

त्या दिवशी सकाळी बीचवर गेले. पांढरी भिंत, दोन पुरुषांइतकी उंच, सरळ पाण्यात गेलेली. माझे पायच थांबले. पाण्याकाठी कुणी कुठे उभं राहायचं हे दुसऱ्याने ठरवायचं, म्हणजे काय, हे आपल्या घरात तीन पिढ्या सांगितलं गेलंय. आबा तर स्विमिंग पूलमधल्या दोरीकडेही संशयाने बघायचे. आपल्या घरातली मुलगी ही भिंत बघून आधी चिडेल. नंतर हवं तर क्यूट म्हणेल. तू चिडलीच नाहीस. म्हणजे तू इथे उभी राहिलीच नव्हतीस.

तरी आत गेले. ऐंशी-ऐंशी वर्षांच्या बाया उघड्या अंगाने उन्हात पडून पत्ते खेळत होत्या. एकीचा एक स्तन काढलेला, टाके व्यवस्थित बसले होते, नर्सची नजर तिकडेच जाणार. तिला त्याचं काहीच नव्हतं. मला म्हणाल्या असाव्यात, की पाण्यात ये. मी खांद्यापर्यंत गेले. ती भिंत थोडी आत जाऊन संपते, पुढे दोन्हीकडची माणसं एकत्रच पोहतात. हे तुझ्या पत्रात नव्हतं. इथे कापो मागितला की बोटभर कपात कॉफी येते, हेही नव्हतं. ओस्मित्सा मला सापडली, फांदी बघत बघत. उकडलेली अंडी खाल्ली. चव लागली नाही.

आता लाजेचं. तुझी तू बघ, माझी सांगते. मी रोज अनोळखी माणसांचा ताप उतरवते. माझ्या बहिणीची मुलगी त्याच देशात, विमानाने अडीच तासांवर, एकटी तापात पडली होती. आणि मी वॉर्डभर मिरवत होते, की इटलीत कुणीतरी तिला सूप भरवतंय. मला बरं वाटलं होतं, वैष्णवी. मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

पण शोभाच्या शेजारचं ते नाव. ते मी अजून गिळलेलं नाही. चाळीस माणसांनी तिच्यासाठी हात जोडले. म्हणून मी कुणाला काही सांगणार नाही. तू सांगायचंस. मेसेजने नाही, फोनवर नाही. २२ तारखेला रविवार आहे, हॉलमध्ये वंदना आहे. मी तेव्हा इकडेच असेन. उभं राहायचं आणि बोलायचं.

गोधडी परत आणतेय. कुणाला द्यायची ते ठरलेलं नाही.

लोभ आहे. सध्या दाखवणार नाही.

नलिनी

---

ब्रिस्बेन, हॉलच्या पायरीवर
२२ जून

ती. मावशीस, वि. वि.

आले. शिरीषदादा एअरपोर्टवर घ्यायला आला होता. गाडीत सांगत होता, की ब्रूनाची फ्रेम आता दर रविवारी ठेवतात, शिवांगीच हट्टाने ठेवते. शिवांगी पळत आली आणि इंग्लिशमध्ये विचारलं, की ब्रूनाकडे मांजर होतं का. मी म्हटलं, थोड्या वेळाने सांगते. ती म्हणाली, की नो वरीज, आणि माझ्यासाठी पहिल्या रांगेत जागा धरून बसली.

फ्रेम बघितली. आईपण बघितली. तू तिचा तो हसरा फोटो लावलायस.

सुखदेवकाकांना वाटतंय, मी आभार मानायला आलेय. त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलंय, की वंदनेनंतर आपली लेखिका सिन्योरांबद्दल दोन शब्द बोलेल. आधी बोलले असते तर पुन्हा गोष्टच सांगितली असती.

पंचशील सुरू झालं तेव्हा मी आतच होते. तीन शीलं म्हटली. चौथं आलं, खोटं बोलण्यापासून दूर राहण्याचं, लहानपणापासून पाठ. चाळीस माणसांनी म्हटलं, शिवांगीने सगळ्यांत मोठ्याने. माझा आवाजच निघाला नाही. म्हणून बाहेर येऊन हे लिहितेय.

तू माफ करशील का, ते विचारत नाही. विचारलं तर तू उत्तर देशील, आणि ते वाचून मी एकतर पळून जाईन किंवा शूर होऊन आत जाईन. दोन्ही नकोय मला.

फोटो काढून पाठवतेय. काका माझं नाव घेतायत. फोन बंद करते.

वैष्णवी