उशाशी ठेवलेलं पाणी

माय, सोमवारी सकाळी आरोग्य केंद्राचं कुलूप उघडायच्या आधी मी काकूकडे गेलो. जुन्या गावात तुझी आणि जिची भिंत एक होती, तीच काकू. आदल्या दिवशी ती नळावर चक्कर येऊन पडली होती, कपाळ सुजलं होतं. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजला, आणि आकडा बघून मलाच घाम फुटला. असंच चाललं तर लकवा ठरलेला. "गोळ्या संपल्या का काकू?" म्हटलं, तर तिनं उशाखालून मी दिलेली पाकिटं काढली. बहुतेक न फोडलेली. "घेते की. भुई हलली न्हाई आन् तरी गरगरलं, की घेते." तिनं बोट दाखवलं. खाटेच्या उशाशी पितळी पेला, काठोकाठ भरलेला. पाणी इतकं स्थिर, की त्यात आढं दिसत होतं.

ती रीत मी ओळखली. भूकंपाच्या आधी वर्षभर आपली जमीन गुरगुरायची, आणि तुला तर त्याच्याही आधीपासून गरगरायचं. कोणती थरथर भुईची आणि कोणती आपली, हे कळावं म्हणून तू उशाशी पाणी ठेवायला लागलीस. पाणी हललं, की मला दंडाला धरून अंगणात न्यायचीस. नाही हललं, तर कपाळाला फडकं बांधून पडून राहायचीस. "पाणी खोटं बोलत न्हाई," म्हणायचीस. तुझं बघून सगळ्या गल्लीनं पेले ठेवले. मला बारावीला लातूरला खोलीवर धाडलंस, तेव्हा पिशवीत वह्यांवर एक पेला घातलास. भूकंपाच्या त्या पहाटे तो कलंडला, पाणी गालाखाली आलं आणि मी जागा झालो. इकडे घर तुझ्यावर कोसळलं; तुझा पेला मात्र ढिगाऱ्यात सापडला नाही.

भूकंपानंतर वसवलेल्या नव्या गावात घरांच्या सरळ रांगा आहेत, दारं सगळी सारखी, आणि म्हाताऱ्या माणसांच्या उशाशी अजून पाणी. बीपी-शुगरच्या दिवशी ही माणसं केंद्रात येतात, दंड पुढे करतात आणि आधी फरशीकडे बघतात. मी गोळ्या देत असतो, तेव्हा खोली एकदम गप्प होते. सगळे मिळून कसला तरी कानोसा घेतायत, असं वाटतं. मी समजत होतो, यांना गोळीचा विसर पडतो. विसर नव्हताच. ते पाण्याला विचारून गोळी घेत होते, आणि विचारायचं तूच शिकवलं होतंस.

काकूला म्हटलं, "दाब वाढला म्हणून चक्कर येतेच असं न्हाई. गोळी रोज लागते."

"म्हंजे तुझी माय खोटी व्हय? गोळ्या वाटून लई शाना झालास की रं!"

पहाटे महादेवाच्या पिंडीवर घातलेलं पाणी डोळ्यांपुढे आलं. "माय खरीच," म्हटलं. "पण पाण्याकडं नुसतं बघू नको. सकाळी त्याच पाण्यासंगं गोळी घे, तीर्थावानी. सांजच्याला परत भरून ठेव."

ती दचकली. "भुईसाठी ठिवलेलं कुणी पेत असतं का?" मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, "आधी तू पी."

मी वरून दोन घोट प्यालो. ओल्या मातीची चव होती. उरलेल्या पाण्याबरोबर तिनं गोळी गिळली आणि रिकाम्या पेल्यात बराच वेळ बघत राहिली. "आता तिकडून तुझी माय कशात बघंल?" म्हणाली.

केंद्रात आता सगळ्यांना हेच सांगतो. काही भांडतात, काहींनी सुरू केलंय. काकू घेते. उशीर झाला, तर माझ्या नावानं ओरडत घेते.

माझी मुलगी लातूरला, माझी खोली होती त्याच गल्लीत राहून डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करते. गल्ली आता शिकवण्यांच्या फलकांनी झाकून गेलीय. मलाही रक्तदाब आहे, म्हणून रोज फोनवर विचारते, "बाबा, गोळी घेतली?" मी हो म्हणतो. खरं तर तू दिलेला पेला माझ्याही उशाशी होता, आणि मीही त्यालाच विचारत होतो.

तुला वाचता येत नव्हतं, म्हणून हा कागद जुन्या गावात नेऊन ठेवणार नाही. आज सकाळी गोळी जिभेवर ठेवली आणि पेला उचलायला वाकलो. बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण एकदा बघितलंच. पाणी बारीक थरथरत होतं, आणि माझा हात अजून पेल्याला लागला नव्हता.

तरी प्यालो.