बोंडअळीचं गाणं

शुक्र., ६ ऑक्टो.

आज पहिली तालीम. पाळकसाहेबांनी अखेर हो म्हटलं. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी हंगामाचा सण, त्या दिवशी भक्तीनंतर लेकरांची संगीत नाटिका. बसवणार मी. दरवर्षी तीच ठरलेली गाणी होतात, लोक टोपल्यांत कापूस, ज्वारी, तूर आणून वेदीपुढे ठेवतात, आभाराची प्रार्थना, मग जेवण. या वर्षी काहीतरी आपलं असेल.

चर्चची झाडलोट आणि घंटा बाबांकडे. त्यांना म्हटलं, चारला घंटा द्या, लेकरं जमतील. त्यांनी दिली. लेकरांच्या आधी अर्धी मंडळी धावत आली, कोण वारलं विचारत. अवेळी घंटा म्हणजे मयत, हे अमरावतीच्या हॉस्टेलात राहून मी विसरूनच गेले होते. घरी आई म्हणाली, "बीए केलं अन् घंटा इसरली."

लेकरं आली मात्र. पेटीचा एक सूर मुका आहे, तो टाळून वाजवलं. ढोलकीला दानिएल काका आपणहून येऊन बसले. म्हणाले, "तू सांग, मी वाजवतो. मले तुह्यासारखं लिहाले-वाचाले नाई येत." त्यांची सलोमी सहावीत आहे. तिचा आवाज... नको, वहीत मोठे शब्द नकोत. स्वच्छ आवाज आहे.

रवि., ८ ऑक्टो.

वैशालीशी बोलले. हॉस्टेलातली माझी सोबतीण, आता पुण्यात. फोनला रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ येते, तिथे उभी होते. तिच्या ओळखीच्या शाळेत संगीत शिकवायला कुणी हवंय. "अर्ज कर, मी बोलते." म्हटलं, इथे क्वायर आहे गं. ती म्हणाली, "कापूस वेचणाऱ्या पोरांचा?" वाईट हेतूने नाही म्हणाली. मग तिची बस आली.

टाकीखाली हापशीवर बाया बोलत होत्या. मी जवळ गेले तशा गप्प झाल्या. "भरून घ्या मॅडम," म्हणून एकीने आपली घागर बाजूला केली. हीच बाई लहानपणी पदराने माझं नाक पुसायची. जूनमध्ये परत आले तेव्हापासून हे असंच. कुणी वाईट वागत नाही. बाबा बाहेर सांगतात, माही पोरगी ग्रॅज्युएट हाय. घरात आम्ही तिघं जेवतो आणि भाकरीचाच आवाज येतो.

लेकरं तेवढी मला बघून गप्प होत नाहीत. त्यांच्यासाठी मी इथे आहे. ती नसली तर इथे राहायला मला दुसरं कारण नाही. लिहून ठेवते.

शुक्र., १३ ऑक्टो.

नाटिकेचं नाव 'शेत'. लेकरांना म्हटलं, शेतात काय काय असतं ते तुम्ही सांगा. जे सांगाल ते घेऊ, काही वगळायचं नाही. बी, पाऊस, बैल, चिमणी, बुजगावणं. मग सनी (सगळ्यात लहान, बसतो कमी, लोळतो जास्त) म्हणाला, "अन् अळी?"

सलोमी: "अळी काहाले बे चर्चमधी?"

सनी: "मंग चिमनी काय खाईन? परसाद?"

खूप हसलो. घेतली अळी. सनीच अळी. तो लगेच जमिनीवर सरपटून दाखवायला लागला, नवीन सदरा घालून. त्याची आई मला काय म्हणेल.

गुरु., २ नोव्हें.

दिवाळीची सुट्टी संपली तरी तालमीला निम्मीच लेकरं. बाकीची वेचणीला.

गावात दुसरा विषय नाही. बीटीला अळी लागत नाही म्हणून सगळ्यांनी तेच बियाणं पेरलं, आणि यंदा बोंडं फोडली की आत गुलाबी अळी बसलेली. वरून झाड हिरवंगार. सनी आज दप्तरातून डोमकळी घेऊन आला, म्हणजे कपाशीचं न उमललेलं, मिटून राहिलेलं फूल. पेटीवर ठेवून फोडलं. आतून अळी निघाली, मुक्या सुरावरून चालत गेली.

मग गाणं आपोआपच झालं. दोन ओळी माझ्या, दोन त्यांच्या, चाल त्यांचीच, लग्नातल्या डफड्याच्या ठेक्यावर:

लावा दार, लावा कडी,
मी तं हाव आतमधी.
बोंड माहं, घर माहं,
काहाले येता मधीमधी?

माझी बी-पावसाची गाणी मी आठवडाभर बसून बांधली. ती लेकरं शहाण्यासारखी म्हणतात. हे गाणं मात्र ओरडून, नाचून, पुन्हा पुन्हा. परत जातानाही रस्त्याने तेच. बऱ्याच दिवसांनी मी घरी गुणगुणत गेले. आईने एकदा वर बघितलं. 

सोम., ६ नोव्हें.

आज पाचच जण. बाकीचे दानिएल काकांच्या शेतात वेचायला. जे काही हाती लागतंय ते लवकर काढून घ्यायचं चाललंय.

लेकरं चर्चमध्ये येत नाहीत तर चर्चने शेतात जायला काय हरकत आहे? वेचता वेचता म्हणतील. हात चालू, तोंड चालू. शनिवारी जाते. काकांना आधी विचारायला हवं का... ते तर ढोलकीवालेच. आनंदच होईल त्यांना.

शनि., ११ नोव्हें.



सकाळी शेतात गेले. लेकरं कापूस भरायला कमरेला ओट्या बांधून आपापल्या ओळीत. मीही एक ओळ धरली. बोंडं अर्धवटच उघडलेली, कापूस पिवळट, चिकटलेला. नखाने ओढून काढावा लागतो. वाळलेल्या बोंडांची टोकं बोटांना लागतात. सलोमीने बीचं गाणं सुरू केलं. मोकळ्या रानात तिचा आवाज असा लांब गेला की मी वेचायची थांबले. मग सनी ओरडला, "आता माहं." आणि सगळी सुरू झाली. लावा दार, लावा कडी. ओळीओळीतून, एकमेकांना जाब दिल्यासारखी. सलोमी सगळ्यांत वर.

पलीकडच्या बांधाकडे कोण आहे ते पराटीतून, कपाशीच्या दाट झाडांतून, दिसत नव्हतं. काका होते. कृषी सहायक पाहणीला आले होते, त्यांच्यासोबत आणखी दोघं. काका त्यांना बोंड फोडून दाखवत होते. 'बोंड माहं, घर माहं' त्याच वेळी तिथे पोचलं. सहायक हसले. मोठ्याने हसले. म्हणाले, "दानिएलभाऊ, तुमच्या अळीनं तर सातबाराच मागितला."

काकाही हसले. तसं हसताना मी त्यांना कधी बघितलं नाही. हातातलं बोंड त्यांनी खिशात ठेवलं. माझ्याकडे बघितलंच नाही. सलोमीला फक्त म्हणाले, "घरी जाय."

सोम., १३ नोव्हें.

सलोमी नाही. ढोलकी नाही. बाकीच्या लेकरांना काय झालं तेच कळलेलं नाही. सनीने विचारलं, "सलोमीले ताप आला का?" म्हटलं, हो. खोटं.

रवि., १९ नोव्हें.

भक्तीनंतर चर्चच्या पंचांनी थांबवलं. चर्चच्या पायरीवरच. एक म्हणाले, देवाच्या घरात किडा नाचवायचा काय. दुसरे म्हणाले, सण आभाराचा हाय, गाऱ्हान्याचा नाई.

मी म्हटलं, खोटे आभार देवाला कशाला? लेकरांनी जे बघितलं तेच ती म्हणतात. मोठ्याने म्हटलं असावं, कारण बाबा घंटेच्या दोरीजवळ उभे होते ते आत निघून गेले.

पाळकसाहेब शांत होते. "रोशनी, तुझं चुकीचं नाही. पण मंडळीत माणसं राहतात. दानिएलची हरकत नसेल तर अळी ठेव. त्याला विचारून ये."

मंगळ., २१ नोव्हें.

गेले काकांकडे. सलोमी दारात होती. मला बघून आत गेली, तिची आई चहा घेऊन आली. काका खाटेवर. मी सगळं पाठ करून गेले होते: ते गाणं त्यांच्यावर नाही, अळीवर आहे, लेकरं हसतात ती अळीला...

ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, "पोरी, मी अडवत नाई. गानं चांगलं हाय. मले सोताले दोनदा तोंडात आलं थे, दूध काढता काढता."

माझा चहा त्यांनी माझ्याकडे सरकवला.

"पन थे सायेब लोक माह्या बांधावर हासले. अन् माही पोरगी वरच्या सुरात म्हनत होती. तुले गान्यातलं समजते. हे समजत नाई काय?"

म्हटलं, समजतं. मग ते म्हणाले, "ठेव अळी. तुहा कार्यक्रम हाय. आमी दोघं येत नाई, बाकी काई नाई."

परत येताना वैशालीला फोन लावला. उचलला नाही. टाकीजवळच बसून विचार केला. अळी ठेवली तर सलोमी नाही, ढोलकी नाही, काका पुन्हा पूर्वीसारखे चर्चच्या मागच्या बाकावर. काढली तर नाटिका वाचते. कुणाला विचारावं असं कुणीच आठवलं नाही.

आईला विचारलं शेवटी. ती कापसाने फुटलेल्या बोटांना तेल लावत होती. म्हणाली, "मले त्यातलं काय समजते. तुले समजते म्हनून तं शिकवलं."

शुक्र., २४ नोव्हें.

अळी काढली. लेकरांना सांगितलं, नाटिका लांबते आहे. हे दुसरं खोटं. सनीला म्हटलं, तू चिमणी हो, चिमणीला पण गाणं आहे.

"मले चिवचिव नाई येत."

"शिकवते की."

"तूच म्हनली होती काई वगळनार नाई."

बाकी सगळी माझ्याकडे बघत होती.  पेटी सुरू केली. माझं बीचं गाणं म्हटलं त्यांनी, सुरात, उभं राहून, एक शब्द न चुकता. मुद्दाम चुकली असती तर बरं वाटलं असतं.

काकांकडे निरोप पाठवला. संध्याकाळी सलोमी आली, मागून काका, ढोलकी खांद्याला. कुणीच विषय काढला नाही.

रवि., ३ डिसें.

झाला कार्यक्रम. चर्च भरलं होतं, खिडक्यांतही माणसं. टोपल्या दरवर्षीपेक्षा हलक्या. ज्यांच्याकडे कापूस नव्हता त्यांनी तुरीच्या शेंगा आणल्या, एकीने वांगी. पाळकसाहेबांनी प्रार्थनेत 'या भरपूर पिकाबद्दल' म्हटलं, नेहमीसारखंच. मागे कुणीतरी खाकरलं.

सलोमी गायली तेव्हा पंच सुद्धा मान डोलवत होते. काकांचा हात ढोलकीवर इतका हलका होता. शेवटी त्यांनी मला लांबूनच मान हलवून चांगलं झालं म्हटलं. ते मिळवायला मी हे केलं, आणि ते मिळालं.

सनी शेवटच्या ओळीत. कागदाचे पंख लावले होते. त्याने तोंड उघडलंच नाही. कुणाच्या लक्षात आलं नाही.

जेवताना सगळ्यांनी कौतुक केलं. पाळकसाहेब म्हणाले, नाताळचं पण तूच बसव. बाबांनी माझ्या पानात स्वतः वरण वाढलं. मान वर केली तर लेकरं केव्हाच उठून गेलेली. दरवेळी पेटीभोवती घुटमळतात, मी हाकलते. आज पेटी मी एकटीने आत नेली.

मंगळ., ५ डिसें.

आईसोबत वेचायला गेले. शेवटची वेचणी, पुढच्या आठवड्यात पराटी उपटणार आहेत. लांबून गाणं ऐकू आलं. तेच. आता त्यात नवीन ओळी आहेत, मला माहीत नसलेल्या. काहीतरी चिमणीबद्दल होतं. हसत होती सगळी.

भराभर चालत गेले, शब्द ऐकायला. कुणीतरी म्हणालं, "ताई आली." थांबलं.

"म्हणा ना," म्हटलं. सनी ओटी सारखी करत राहिला. दुसरा म्हणाला, "काई नाई, असंच." मी बाजूची ओळ धरली. दुपारपर्यंत त्या बाजूला फक्त बोंडांचा आवाज. आईला ते दिसलं असावं. ओळ सोडून ती माझ्या ओळीत आली, दुसऱ्या टोकाकडून वेचत. मध्ये भेटलो तेव्हा म्हणाली, "पाणी पी."

शुक्र., ८ डिसें.

नाताळची पहिली तालीम. बाबांना घंटा देऊ नका म्हटलं. घरोघरी निरोप दिला. वैशालीचा मेसेज आला होता टाकीजवळ: जागा अजून आहे, सोमवारी कळव.

चार वाजले. कुणी नाही. पेटी उघडून बसले. साडेचारला सलोमी आली, एकटी. चपला बाहेर नीट काढून ठेवल्या, पुढच्या बाकावर बसली.

"बाकीचे?"

"येतीन. काय मालूम."

"सनी काय म्हणतो?"

तिने सांगू की नको असं केलं. मग, "म्हनते, ताई आधी इचारते, अन् मंग काढून टाकते."

  बाहेर रस्त्याने त्यांचे आवाज येत होते, लांब नव्हते, कुंपणापाशीच असावेत. आत यायचं की नाही ते त्यांचं अजून ठरत नव्हतं. काका ढोलकी घेऊन येतील, तेही थोड्या वेळात. दार मी पूर्ण उघडलं.

सलोमीला म्हटलं, आपण दोघी सुरू करू. असं म्हण की बाहेर ऐकू जाईल.

ती उभी राहिली. घसा साफ केला. मग माझ्याकडे वळून विचारलं, "कोनतं?"