अर्ध्या गोळीचं भांडण

तीर्थरूप आत्या,

तुझ्या पायांना हात लावून नमस्कार (गुडघे सुजलेत असं कळलं, म्हणून अलगद). आतोबांचा खोकला, तुझी झोप आणि शेजारणीशी चाललेला अबोला, सगळं जागच्या जागी असेल अशी आशा आहे. आमच्याकडे सगळे जिवंत आहेत. आमच्या धंद्यात यालाच खुशाली म्हणतात.

तू विचारलंस, छबू फार्मसीचा कोर्स पास झाली, तिला औषधाच्या दुकानातून बोलावणं आहे आणि आमच्या हॉस्पिटलातही जागा आहे, तर पोरीला कुठे घालू? (पोरगी आहे आत्या, उशीतला कापूस नव्हे.) मी दोन्हीकडचं पाणी प्यायलेली आहे, म्हणून सविस्तर लिहिते. चष्मा पुसून घे.

दुकान म्हणजे दिवसभर उभं राहणं आणि ओरडा खाणं. गिऱ्हाईक चिठ्ठी आणत नाही, वर्णन आणतं. "ती पांढरी, गोल, मागच्या वेळी दिलेली." जगातली निम्मी औषधं पांढरी आणि गोल असतात हे कुणाला सांगायचं! एका गृहस्थांनी तर भर काउंटरवर सदरा वर करून पाठीवरचं गळू दाखवलं, आणि मी तोंड उघडायच्या आत मागे रांगेत उभ्या असलेल्या बाईंनी त्यावर उपायही सांगून टाकला. मालकांचं एकच पालुपद, गिऱ्हाईकाशी हसून बोला. आता ज्या माणसाला नुकतंच कळलंय की ही गोळी जन्मभर घ्यायची, त्याच्याशी हसून कसं बोलतात, हे मालकांनी मात्र कधी करून दाखवलं नाही.

त्यात आमचे एक म्हातारे गिऱ्हाईक होते. आम्ही त्यांना तपासनीस म्हणायचो (पाठीमागे, पण त्यांना ठाऊक होतं). डॉक्टरांनी त्यांना हृदयासाठी अर्धी गोळी लिहून दिलेली, आणि हात थरथरायचे म्हणून ती कापून द्यायचं काम माझं. प्रत्येक तुकडा तळहातावर घेऊन उजेडात धरायचे. "हे अर्धं आहे? हे पाऊण आहे. मग उरलेलं पाव कुणाच्या घशात?" एकदा वैतागून म्हटलं, घरीच कापत जा. तर म्हणाले, "घरी कापायला बायको होती. आता तुम्ही आहात." अशा माणसाशी धड भांडताही येत नाही. तरी आम्ही दर महिन्याला भांडत होतो.

असल्या कटकटीला कंटाळूनच मी हॉस्पिटलात आले. इथे औषधखातं तळघरात. थंडगार, शांत, चिटपाखरू नाही. पेशंटला नाव नसतं, खाट असते. प्रत्येक खाटेचा एक ट्रे, त्यात दिवसाच्या गोळ्या भरायच्या आणि लिफ्टने वर पाठवायच्या. ट्रे भरलेलाच परत आला की समजायचं, खाट रिकामी झाली. वॉर्डात फोन करावा तर नर्स म्हणते, "गेले." आता आपल्या भाषेत घरी जाणाराही गेला आणि दुसरीकडे जाणाराही गेलाच. म्हणून पुढे विचारावं लागतं, चालत की झोपून? (हसू नकोस. पहिल्या आठवड्यात मलाही हसू आलं होतं.)

मागच्या महिन्यात वरून फोन आला. नर्स म्हणाली, "अहो, खिडकीजवळच्या खाटेवरच्या आजोबांना तुमची अर्धी गोळी पसंत नाही. म्हणतात, ही पाऊण आहे."

मी हातातलं टाकून जिन्याने वर गेले. नाकात नळी, अंगावर नुसती चादर उरलेली. मला बघून म्हणाले, "तरीच! कापणी ओळखीची वाटली." मग आम्ही मनसोक्त भांडलो. शेजारच्या खाटेवरचा माणूस आम्हाला बापलेक समजला. ती चूक ना मी दुरुस्त केली, ना त्यांनी.

मग मी रोज जेवणाच्या सुट्टीत वर जायला लागले. आमच्या मुख्य बाईंना ते कळलं. या बाईंचा चेहरा म्हणजे कुलूप. म्हणाल्या, "आपलं काम खाली. वर जायचं नाही." मी हो म्हटलं आणि जात राहिले.

परवा सकाळी त्यांचा ट्रे परत आला. मी फोन केला. "गेले," नर्स म्हणाली. मला पुढचं विचारवेना. तिनेच सांगितलं, "झोपेतच. त्रास नाही झाला." परत आलेली औषधं तपासून कपाटात लावायची असतात. मी लावत बसले. त्या अर्ध्या गोळीची पुडी तेवढी हातात राहिली. मुख्य बाई मागे येऊन उभ्या राहिल्या. "कापलेली गोळी परत कपाटात जात नाही. दे इकडे." पुडी त्यांनी स्वतः टाकली, मला खुर्चीवर बसवलं आणि म्हणाल्या, "वर जाऊ नको का म्हणत होते, कळलं ना आता?" त्या स्वतः एके काळी कुणासाठी वर जात होत्या, ते मी विचारलं नाही.

असो. तात्पर्य, हॉस्पिटल उत्तम. थंड हवा, शांतता, गळवं नाहीत. छबूला डोळे मिटून इकडेच पाठव.

तुझी,
थोरली भाची

ता. क. छबूला ज्या दुकानातून बोलावणं आहे, ते माझंच जुनं दुकान. जागाही माझीच. काल मालकांना परत घेता का म्हणून विचारायला गेले होते. म्हणाले, "तुमच्या आतेबहिणीला शब्द दिलाय, ती नको म्हणाली तर या." तर तिला लवकर नको म्हणायला लाव.

ता. क. २. मी लबाड आहे असं आतोबा म्हणतील. म्हणू देत. दुकानात गिऱ्हाईक यायचं थांबलं तर रुसून दुसऱ्या दुकानात गेलं असं तरी म्हणता येतं. छबू नवी आहे, तिला या खाटांवर ओळखीचं कुणी भेटणार नाही. निदान पहिली काही वर्षं.