काटी लावलेली वाट

१२ फेब्रु. १९७३, बीड
आत्या आली, चौसाळ्याच्या एस.टी.ने. यंदा उसाचाच दुष्काळ, त्यामुळे ऊसतोडीच्या टोळ्या लवकर परतल्यात. आमच्या बौद्धवाड्याचा आड आटला. नदीकाठची सरकारी विहीर तेवढी टिकून आहे, पण तिची वाट सोसायटीच्या चेअरमनच्या शेतातून. त्याने तारेचं कुंपण घातलं. म्हणे सोसायटीची पाइपलाइन तिथूनच जाणार. बाया आता लांबचा वळसा घालतात. वाड्याने मला वकील केलंय. फुकट, अर्थातच.
वकील: अरबी. ज्याच्यावर काम सोपवून माणूस निर्धास्त होतो तो. आत्या निर्धास्त होऊन गेली, झोप माझी उडाली.

२० फेब्रु.
दावा दाखल. वहिवाटीचा हक्क मागितला. हक्क म्हणजे अरबीत मुळात सत्य. माझ्या सीनियर वकिलांना सांगितलं. म्हणाले, असू दे, आधी साक्षीदार आण.

८ मार्च
चेअरमनची कैफियत आली. 'कैफ' म्हणजे कसं. कसं काय घडलं ते सांगणं. त्याने बेरकीपणाने सांगितलंय: ही माणसं ऊसतोडीला जाताना दर साली स्वतःच वाट बंद करतात, म्हणजे हक्क सोडला.
खोटं नाही. जाताना वाटेच्या तोंडाला बाभळीची काटी, म्हणजे तोडलेली काटेरी फांदी, लावायची, आत्याच लावते. नाहीतर मोकाट ढोरं त्याच्याच उभ्या ज्वारीत शिरतात. त्याचा बाप होता तोवर याची जाण ठेवायचा. आता तीच काटी आमच्यावर. फार राग आला.

१५ एप्रिल, गावी
आत्याला म्हटलं, काटीचं विचारलं तर आठवत नाही म्हण. तिने असं बघितलं की पुढचं गिळलं.
साक्ष: स + अक्ष. डोळ्यांसकट. हे तिला सांगायची गरज नव्हती.

२७ एप्रिल
साक्ष झाली. चेअरमनच्या वकिलाने नेमकं तिथंच बोट ठेवलं, वाट कोण बंद करतं?
"आमीच. मीच काटी लावते."
सीनियरनी कपाळाला हात लावला. समोरचा खुशीत आला आणि एक प्रश्न जास्त विचारून बसला. परत आल्यावर काटी काढायला कुणाची परवानगी घेता?
"कुणाची कावून घ्यावी? वाट आमची हाय. जवारी त्याची, म्हून लावतो."
जज्जसाहेबांनी शब्दन् शब्द लिहून घेतला. बाहेर आल्यावर मला भरून आलं. ती एस.टी.ची वेळ विचारत होती.

४ मे
निकाल लागेपर्यंत वाट मोकळी ठेवा, असा हुकूम. कुंपणाची तार निघाली. युक्तिवादात 'रूढी'वर बराच बोललो. संस्कृतात रुह् म्हणजे उगवणं. सीनियर म्हणाले, आवर.

११ ऑक्टो., गावी
निकाल नाहीच. साहेबांची बदली झाली, नवे आले. पाऊस बरा झाला, चेअरमनची ज्वारी तरारलीय. टोळी परवा निघणार.
आत्याला बजावायला आलो, यंदा काटी लावायची नाही. नवे साहेब काय अर्थ काढतील कोण जाणे.
"अन् ढोरं शिरली तर?"
"शिरू दे."
"जवारीनं काय केलंय?"
ती कोयता घेऊन बाभळीकडे निघालीय. मी बांधावर बसून हे लिहितोय. हाक मारली तर अजून ऐकू जाईल.